सव्वा गुंठा आणि एप्रिलची रिकामी टोपली

आमच्या घरात फेब्रुवारीपासून खिडकीच्या कट्ट्यावर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे मांडलेले असतात आणि त्यांच्या प्रत्येक खळग्यात एकेक बटाटा बसवलेला असतो, डोळे वर करून. थंड पण उजेडाच्या जागी असे महिना-दीड महिना ठेवले की त्यांना आखूड, जाडसर, जांभळट मोड येतात. अंधारात राहिले तर मोड पांढरे आणि लांबुळके होतात, लावताना नुसता धक्का लागला तरी तुटतात. रोज सकाळी चहा घेताना मी ते मोड बघते. इंग्लंडच्या उत्तरेला, वेस्ट यॉर्कशायरमध्ये, काल्डर नदीच्या अरुंद खोऱ्यात आम्ही राहतो. मार्च सरत आला तरी इथे बहुतेक झाडांना पान नसतं. वसंताची पहिली बातमी मला हे बटाटेच देतात.

त्यांना जमिनीत घालायचा दिवस ठरलेला आहे. ईस्टरच्या आधीचा शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. त्या दिवशी मातीवर सैतानाची सत्ता चालत नाही, म्हणून तेव्हा लावलेलं पीक निर्धोक येतं, अशी जुनी समजूत. मी भाजी लावते त्या जागेला लागून असलेल्या प्लॉटवरचे आजोबा मात्र वेगळं कारण सांगतात आणि मला तेच जास्त पटतं. आठवडाभर गिरणीत राबणाऱ्या माणसाला वसंतात दिवसाउजेडी मिळणारी ती पहिली सुट्टी. मग बटाटे दुसऱ्या कुठल्या दिवशी लावणार? या खोऱ्यात लोकरीच्या आणि सुताच्या गिरण्या होत्या, आजोबांची उमेदीची वर्षं त्यांतल्याच एकीत गेली. माझे स्वतःचे आजोबा परळच्या गिरणीत होते. शिमग्याला चार दिवस कुडाळला आले की त्यांतले दोन दिवस परसाचा पडलेला गडगा रचण्यात घालवायचे. इथल्या डोंगरभर पसरलेले बिनचुन्याचे दगडी गडगे बघितले की मला ते पाठमोरे दिसतात.

हा शुक्रवार आपल्या सणांसारखाच चंद्राच्या तालावर चालतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यायची, तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणून तो २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत कुठेही येऊ शकतो. २०२४ साली ३१ मार्चला होता, २०२५ साली २० एप्रिलला. २०२६ मध्ये तर गुरुवारी २ एप्रिलला हनुमान जयंती आणि दुसऱ्याच दिवशी गुड फ्रायडे, एकाच पौर्णिमेला चिकटून. तीन आठवड्यांच्या फरकाने बटाट्याचं नशीब बदलतं. ईस्टर लवकर आला की शेजारचे आजोबा शुक्रवारी दोनच सऱ्या लावतात, रीत म्हणून, आणि उरलेले बटाटे माती ऊबदार होईपर्यंत थांबवतात. रीतही पाळायची आणि मातीलाही विचारायचं, हे त्यांचं वागणं मला फार आवडतं.

प्लॉट म्हणजे अ‍ॅलॉटमेंटचा तुकडा. भाजीपाला पिकवण्यासाठी कौन्सिलने लोकांना वर्षाच्या भाड्यावर दिलेली जमीन. १९०८ च्या कायद्यामुळे सहा मतदारांनी मिळून अशी जागा मागितली तर कौन्सिलला त्या मागणीचा विचार करावाच लागतो. पूर्ण प्लॉट दहा चौरस रॉडचा असतो. रॉड हे जुनं माप, साडेसोळा फुटांचं. भाडेपट्टीच्या कागदावर तो शब्द वाचला तेव्हा मी तिथेच पाठीमागे आकडेमोड केली. साडेसोळा दुणे तेहेतीस. आणि तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद म्हणजे आपला गुंठा! एका गुंठ्यात बरोबर चार चौरस रॉड बसतात. लहानपणापासून सातबाऱ्यावर वाचलेलं माप परक्या गावात असं समोर येऊन उभं राहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षं यादीत नाव ठेवून मला अर्धा प्लॉट मिळाला होता. पाच रॉड. सव्वा गुंठा.

आईला फोनवर सांगितलं. तिला इंग्लंडमधलं दुसरं काही सांगितलं तर समजावून द्यावं लागतं, हे तिला क्षणात कळलं. "सव्वा गुंठ्यात काय पिकतला गो?" तिने विचारलं, आणि पुढच्याच वाक्यात, "पाणी खंयसून घेतलंस?"

पहिल्या वर्षी मी चुकले. एप्रिलच्या मध्याला आठ दिवस लख्ख ऊन पडलं, आणि उन्हाचा अर्थ मी कुडाळचा लावला. आशियाई दुकानातून आणलेली चवळी घरात कुंडीत रुजवली होती, ती रोपं नेऊन वाफ्यात लावली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका निरभ्र रात्री दव गोठलं. सकाळी गेले तर पानं उकडल्यासारखी काळी पडून लोंबत होती, हात लावला की चिकट लागत होती. या खोऱ्यात मे संपेपर्यंत गोठण्याची धास्ती असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आजोबांनी माझ्या वाफ्याकडे पाहिलं, त्यांच्या काचघरात गेले आणि रनर बीन्सची सहा रोपं घेऊन आले. "ही जूनमध्ये लाव, लव्ह," एवढंच म्हणाले. इथे दुकानातली बाईसुद्धा गिऱ्हाइकाला 'लव्ह' म्हणते. पण त्या सकाळी तो शब्द मला आपल्या 'बाये'सारखा ऐकू आला.

अ‍ॅलॉटमेंटवर प्रत्येकाची मेर वेगळी असली तरी वसंतातली कामं सामाईक असतात. हिवाळ्यात बंद केलेले पाण्याचे नळ उघडायचे, टाक्या खरवडायच्या, वाटांवर लाकडाचा भुसा पसरायचा, ट्रॉलीने आलेलं शेणखत वाटून घ्यायचं. ईस्टरच्या आधीचा शनिवार या सगळ्याचा. त्या दिवशी इथे पंधरा-वीस माणसं एकत्र वाकलेली असतात आणि मला भातलावणीचा कोपरा आठवतो. तिथे गाणी असायची, इथे थर्मासमधला चहा असतो.

आणि त्याच दिवशी, दरवर्षी, कुणीतरी म्हणतंच की यंदा ईस्टरचं जेवण सगळं इथलं करू या. आपल्या मातीतलं, आपल्या बाजारातलं.

हे बोलायला सोपं आहे. करायला गेलं की कळतं, ईस्टर ज्या दिवसांत येतो ते इथल्या जमिनीचे सगळ्यात रिकामे दिवस आहेत. हिवाळाभर साथ दिलेला केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) फुलावर येतो, कांद्याच्या जाड पातीसारख्या लीकच्या पोटात कडक दांडा धरतो, साठवलेले बटाटे सुरकुततात. नवीन पेरलेलं तर अजून दोन पानांवर असतं. गुड फ्रायडेला लावलेला बटाटा हाताला लागायला जूनचा शेवट उजाडतो. एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंतच्या या काळाला इथले लोक 'हंग्री गॅप' म्हणतात. बाहेर बघावं तर डॅफोडिल फुललेले, कोकरं उड्या मारताहेत, सगळं हिरवं होत चाललेलं. आणि टोपली रिकामी.

मला हे नवीन नव्हतं. आपल्याकडे कोकणात ती रिकामी वेळ मृगानंतर येते. पाऊस धो धो पडतो, रान हिरवंगार होतं आणि घरात मात्र भाजी नसते, मासेमारी बंद असते. म्हणून आगोटीच्या आधी आई बेगमी करायची. सुके बांगडे, खारवलेली कैरी, फणसाची साटं, कुळीथ, काळे वाटाणे. हिरवाई आणि सुबत्ता एकाच वेळी येत नाहीत, हे कोकणातल्या बाईला शिकवावं लागत नाही. त्यामुळे हंग्री गॅप हा शब्द ऐकला तेव्हा मी मनात म्हटलं, ही यांची आगोट.

मग ईस्टरला इथलं घ्यायचं म्हणजे काय घ्यायचं?

कोकराच्या मटणापासून सांगते, कारण ईस्टर म्हटलं की सगळ्यांना तेच हवं असतं. आमच्या डोंगरावर मेंढ्या वितात त्या मुख्यतः एप्रिलमध्ये. म्हणजे ईस्टरच्या दिवशी डोंगरावरचं कोकरू आईच्या आचळाला असतं, त्याचे पाय अजून लटपटत असतात. कापण्याजोगं व्हायला त्याला चार-पाच महिने तरी लागतात. मग दुकानात 'स्प्रिंग लॅम्ब' म्हणून मिळतं ते कुठलं? एकतर दक्षिणेकडच्या उबदार सखल भागात हिवाळ्यात जन्मलेलं, गोठ्यात खुराकावर वाढवलेलं, किंवा जगाच्या दुसऱ्या टोकाहून, न्यूझीलंडहून आलेलं. आमचा खाटीक सरळ सांगतो की या दिवसांत डोंगराचं हवं असेल तर हॉगेट घ्या. हॉगेट म्हणजे गेल्या वसंतात जन्मून एक हिवाळा काढलेली मेंढी. रंग गडद, चव खोल, शिजायला वेळ जास्त. मंद आचेवर तीन तास ठेवलं की मांस हाडापासून आपोआप सुटतं. मला वाटतं, हॉगेट घेणं म्हणजे या डोंगराचं पंचांग मानणं. सणाला चित्रातलं कोकरू हवंच असा हट्ट धरला की बाजार ते कुठूनही आणून देतो. केनियाच्या कोवळ्या शेंगा मार्चमध्ये विमानाने येतात, पेरू देशाचं अ‍ॅस्परॅगस येतं. इथलं अ‍ॅस्परॅगस परंपरेने २३ एप्रिलला, सेंट जॉर्जच्या दिवशी सुरू होतं. तोवर थांबता येतं.

अंड्यांचं मात्र तसं नाही. अंडी खरोखर या दिवसांची. कोंबडी उजेडावर अंडी घालते. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो आणि जुन्या पद्धतीने पाळलेल्या कोंबड्या जवळजवळ थांबतात. एप्रिलच्या सुरुवातीला दिवस तेरा तासांवर जातो आणि खुराड्यात रोज सकाळी ऊबदार अंडी दिसू लागतात. त्यातच पूर्वी ईस्टरआधीचे चाळीस दिवस अंडी खायची नाहीत असा उपास. कोंबड्या काही उपास पाळत नसत, त्यामुळे घरोघरी अंड्यांचा ढीग साठायचा आणि सणाच्या दिवशी तो बाहेर निघायचा. १२९० साली राजा पहिला एडवर्ड याच्या खर्चाच्या वहीत साडेचारशे अंडी रंगवण्यासाठी आणि सोन्याचा वर्ख लावण्यासाठी अठरा पेन्स लिहिलेले आहेत. आमच्या इथे रंगासाठी कांद्याची सालं पुरतात. अंड्यावर आधी पार्सलीचं किंवा फर्नचं एक पान चिकटवायचं, त्यावर कांद्याची कोरडी सालं गुंडाळायची, जुन्या सुती चिंधीने घट्ट बांधायचं आणि दहा-पंधरा मिनिटं उकळायचं. चिंधी सोडली की आत तांबूस-पिवळ्या संगमरवरासारखं अंडं आणि त्यावर पानाची फिकट नक्षी, शीर न् शीर दिसणारी. यांना 'पेस एग्ज' म्हणतात. त्याच नावाचं लोकनाट्य गुड फ्रायडेला वरच्या हेप्टनस्टॉल गावच्या चौकात होतं. सेंट जॉर्ज तलवार घेऊन लढतो, पडलेल्या वीराला वैद्य येऊन उठवतो, पोरं ओरडतात. दशावतारावर वाढलेल्या माझ्यासारखीला तिथे भाषांतर लागत नाही.

खोऱ्याच्या वरच्या टोकाला टॉडमॉर्डन नावाचं गाव आहे. पॅम वॉरहर्स्ट, मेरी क्लिअर आणि त्यांच्या सोबत्यांनी २००८ साली तिथे इन्क्रेडिबल एडिबल नावाचं काम सुरू केलं. स्टेशनवर, आरोग्य केंद्राबाहेर, पोलीस चौकीच्या दारात भाज्या आणि औषधी झुडपं लावली आणि जाणाऱ्या-येणाऱ्याने हवं ते तोडून न्यावं असं जाहीर केलं. चौकीच्या दारातला मका पुढे फार प्रसिद्ध झाला. पण मला त्यांचं सगळ्यात मोलाचं काम वाटतं ते अंड्यांचं. गावात कोण कोण कोंबड्या पाळतं आणि अंडी विकतं याचा त्यांनी नकाशा केला. एवढंच. शेजारणीच्या परसात काय आहे हे माहीत नसतं म्हणून माणूस मोठ्या दुकानात जातो. ते माहीत झालं की पाय आपोआप तिकडे वळतात. माझी अंडी आता आमच्याच रस्त्याच्या टोकावरच्या एका घराच्या फाटकावरून येतात. लाकडी पेटी, आत सहा अंडी, बाजूला पैशांचा डबा. रिकामा ट्रे परत ठेवायचा. मी ठेवते, पण फेब्रुवारीत दोन-तीन मागे ठेवून घेते, बटाट्यांसाठी, त्या घरच्या बाईला सांगून.

पालेभाजीचं काय, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. उत्तर वाफ्यात नव्हतं, ओढ्याकाठी होतं. तिथे एप्रिलमध्ये बिस्टॉर्ट नावाची रानभाजी उगवते. लांबट पान, मधोमध फिकट शीर. इथे तिला स्वीट डॉक म्हणतात आणि पॅशन डॉक असंही म्हणतात, कारण ती ख्रिस्ताच्या यातनांच्या आठवड्यांत खायची. तिचा पाला, नेटलचे कोवळे शेंडे (हातमोजे घालून खुडायचे, अंगाला लागले की आग होते), कांदा आणि ओट्सचा भरडा, हे सगळं एकत्र शिजवलं की काळपट हिरवा, दाट गोळा तयार होतो. हे डॉक पुडिंग. गार झालं की चमच्याने काढून बेकनच्या चरबीत परततात, मी लोण्यात परतते. या थंड डोंगरावर गहू नीट येत नसे, ओट्स यायचे, म्हणून पिठाच्या जागी ओट्स. पहिल्यांदा ते शिजताना मी झाकण उघडलं आणि थेट तेऱ्याच्या भाजीचा वास आला. तोच दाटपणा, तोच मातीचा, पावसाचा वास. मायथमरॉइड गावात १९७१ पासून या पदार्थाच्या स्पर्धा होत आल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन रेडिओवरून सांगितलं गेलं म्हणे की यॉर्कशायरची माणसं उपासमारीने गवत खाऊ लागली आहेत, आणि ते गवत म्हणजे हे डॉक पुडिंग. ही गोष्ट इथले म्हातारे अजून मान ताठ करून सांगतात. मला तो ताठा समजतो. टाकळा, कुर्डू, तेरं खाऊन वाढलेल्या माणसांनाही शहरात कुणी 'हे काय खाता' म्हणून विचारलं की लागतं.

रुबार्ब, जांभळी ब्रोकोली, रानलसूण हे सगळं आहेच, त्यावर जास्त लिहीत नाही.

सगळ्यात उशिरा हाती लागले ते कार्लिन. आजोबांनी एका मार्चमध्ये विचारलं, "तू कार्लिन खाल्लेस का कधी?" उत्तर इंग्लंडात ईस्टरच्या दोन रविवार आधी, उपासाच्या पाचव्या रविवारी, हे वाटाणे खायची जुनी चाल. रात्रभर भिजवायचे, उकडायचे, लोण्यात परतून मीठ आणि व्हिनेगर घालायचं. त्यांनी खिशातून तपकिरी कागदाची पिशवी काढली आणि माझ्या ओंजळीत ओतली. मी बघतच राहिले. बारीक, सुरकुतलेले, काळपट तपकिरी. कुडाळच्या बाजारात मापट्याने मिळतात ते आमचे काळे वाटाणे.

त्या रात्री ते भिजत घातले. सकाळी फुगून दुप्पट झाले होते, पाणी चहासारखं झालं होतं. कांदा आणि खोबरं काळसर होईपर्यंत भाजून वाटण केलं, मालवणी मसाला घातला, शेवटी कोकमाची दोन सोलं. खोबरं इथलं नव्हतं, मसाला तर आईने दिलेलाच. मला त्यात काही खोट वाटत नाही. ईस्टरच्या हॉट क्रॉस बनमध्येही दालचिनी आणि मनुका दुरूनच येतात, ईस्टरच्याच सिमनेल केकवर बदाम-साखरेच्या अकरा गोळ्या मांडतात, त्यांतले बदामही. मसाला चिमटीने लागतो, तो पूर्वीपासून प्रवास करत आला आहे. पोट भरतं ते इथे पिकलेल्या दाण्याने, तो इथला असावा एवढंच मी पाहते.

यंदाच्या ईस्टरला अ‍ॅलॉटमेंटच्या शेडमध्ये सगळ्यांनी आपापलं भांडं आणलं. कुणी हॉगेट शिजवून आणलं, कुणी पिठाच्या पारीत लीक भरून भाजलेला 'पाय', कुणी डॉक पुडिंग. रंगवलेली अंडी टोपलीत होती. मी मोठ्या पातेल्यात काळ्या वाटाण्याचं सांबार नेलं आणि त्याबरोबर आंबोळ्या. आजोबांनी वाडगा भरून घेतला, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबले नाहीत, आणि संपल्यावर म्हणाले, "माझी आई यात नुसतं मीठ घालायची." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही त्यांच्या शेजारी बसून राहिले.

जाताना त्यांनी पुन्हा कागदाची पिशवी दिली. या वेळी आतले दाणे शिजवायचे नव्हते, बियाणं होतं, गेल्या वर्षी त्यांनी वेलावर वाळवून ठेवलेलं. वेल डोक्याएवढा वाढतो, फूल दोन रंगांचं येतं, गुलाबी आणि गडद जांभळं, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या सोमवारी, संध्याकाळी साडेसातलाही उजेड होता. बटाट्यांच्या सऱ्यांना लागून मी एक उथळ चर ओढला, दोन बोटांच्या अंतराने दाणे टाकले, माती लोटून तळहाताने दाबली. वर हेझलच्या काटक्या खोचल्या आणि कबुतरांसाठी जाळी ताणली. फोटो काढून आईला पाठवला. तिकडे मध्यरात्र असणार हे पाठवल्यावर लक्षात आलं. पण ती जागी होती.

"वाटाणे ते? थंय खंय मेळले तुका?" आणि मग लगेच, "पाणी घातलंस?"

घातलं होतं.